गमतीचा फळा आणि दहावा माणूस

स्मरणिकेच्या समितीतून फोन आला तेव्हा मी ऑफिसातून घरी निघाले होते आणि पुण्याच्या रहदारीत अडकले होते. शाळेच्या ग्रंथालयाचे जुने कपाट आवरताना आपल्या मराठीच्या सरांची 'गमतीच्या फळ्या'ची वही सापडली आहे, असे पलीकडून सांगण्यात आले. "त्यातले निवडक विनोद दोन पानांत बसवून दे. तू कॉम्प्युटरवाली, तुला निवडानिवड जमते," असेही वर ऐकवले. मी लगेच हो म्हटले. वही घरी आली, पहिली दहा-बारा पाने हसत वाचली आणि मग एका पानावर माझेच नाव दिसले. ते पान वाचून मी वही मिटून ठेवली. दोन पानांचे काम लांबले ते त्यामुळे. त्याच पानाची ही हकीकत आहे, आणि तिच्या निमित्ताने एका जुन्या विनोदाचा इतिहासही.

गमतीचा फळा आठवतो ना? ग्रंथालयाबाहेर व्हरांड्यात एक लहान काळा फळा होता. मोठ्या फळ्यावर रोज सुविचार असायचा, या लहान फळ्यावर दर शनिवारी एक विनोद. मुलांनी चिठ्ठीवर विनोद लिहून सरांच्या टेबलावरच्या डब्यात टाकायचा. सर सगळ्या चिठ्ठ्या वाचत आणि एक निवडत. विनोद नवा असलाच पाहिजे अशी अट नव्हती. उलट सर म्हणत, "जुना आणा. जुना विनोद पुष्कळांनी घासून पाहिलेला असतो." अट एकच होती: कोणाकडून ऐकला ते चिठ्ठीवर लिहायचे. वहीत त्याप्रमाणे रकाने आहेत. तारीख, विनोद, कोणाकडून ऐकला, आणि शेवटी लाल शाईत पास किंवा नापास. नापास असेल तर कारण. 'शिळा आहे' हे कारण दोनशे पानी वहीत मला एकदाही सापडले नाही. 'लांबला', 'शेवट आधीच फुटला', 'वर्गातल्या एकाचे रडू, बाकीच्यांचे हसू' अशी कारणे मात्र आहेत.

माझी चिठ्ठी आठवीतली, म्हणजे १९९३-९४ सालची. तेव्हा आपला जिल्हा धुळेच होता. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी, आपण दहावी होऊन बाहेर पडल्यावर दोन वर्षांनी. मी लिहिलेला विनोद आबांकडून ऐकलेला होता. दहा जण प्रकाशाच्या जत्रेला निघाले. तापी ओलांडून पलीकडे गेल्यावर सगळे सुखरूप आले का म्हणून एकाने मोजले, तर नऊच भरले. दुसऱ्याने मोजले, तरी नऊच. प्रत्येकाने मोजून पाहिले आणि प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजत होता. मग "एक जण वाही गया रे भो!" म्हणून काठावर बसून सगळ्यांनी गळा काढला. वाटेने जाणाऱ्या एकाने प्रत्येकाच्या पाठीत धपाटा घालत मोजले, तेव्हा दहा भरले.

आबा ही गोष्ट सांगताना 'दहा जण' एवढेच म्हणत. चिठ्ठीवर मी लिहिले, 'दहा पावरा'. असे का लिहिले? कारण मधल्या सुट्टीत असले विनोद तसेच सांगितले जात. वेंधळा माणूस हवा असला की डोंगरातल्या माणसाचे नाव घालायचे, की लोक लवकर हसतात, एवढे तेराव्या वर्षी मला कळले होते. चिठ्ठी टाकण्याआधी मी ती वर्गात वाचून दाखवली. वर्ग हसला. माझ्या बाकावर माझ्या शेजारी जी बसायची ती अक्राणीकडची, वसतिगृहात राहून शिकणारी, घरी पावरी बोलणारी. गणितात ती माझ्या पुढे होती. अपूर्णांकांची माझी भीती तिनेच घालवली होती. ती हसली नाही. पुस्तकातून डोके वर न काढता एवढेच म्हणाली, "आमच्याकडे मोजता येतं."

वहीत त्या विनोदासमोर सरांनी लिहिले आहे: 'गोष्ट पास. नाव नापास.' 'पावरा' या शब्दावर लाल रेघ आहे आणि वर 'जण' लिहिले आहे. शनिवारी फळ्यावर विनोद तसाच दुरुस्त होऊन आला. सरांनी मला बोलावले. रागावले नाहीत. म्हणाले, "ही गोष्ट हजार वर्षांपेक्षा जुनी आहे. तिच्यात कोणाचं नाव नव्हतं. ते तू घातलंस. का घातलंस ते शोध." मी मान हलवली आणि पळाले. शोध घ्यायला तीस वर्षे लागली.

सर म्हणाले ते खरे निघाले. आठव्या शतकातल्या शंकराचार्यांच्या 'उपदेशसाहस्री'त या दहाव्या माणसाचा दृष्टांत आहे. चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी 'पंचदशी'त तोच घेतला आणि फुलवला. दहावा दिसत नाही हे अज्ञान, तो बुडाला म्हणून रडणे हा भ्रम, मग कोणी भला माणूस सांगतो की दहावा जिवंत आहे, आणि शेवटी तो आपणच आहोत हे मोजणाऱ्याला कळते, अशा पायऱ्या करून त्यांनी वेदान्त समजावला. आपल्याकडे कीर्तनात बुवा ही गोष्ट सांगतात ती या परंपरेतली. म्हणजे ज्या गोष्टीवर आम्ही मधल्या सुट्टीत खिदळत होतो, ती मोठमोठ्या आचार्यांनी आत्मज्ञान शिकवायला वापरली होती. आणि त्यांच्या गोष्टीत वेडा कोण? ऐकणारा. तू, मी, प्रत्येक जण.

गोष्ट आपल्यापुरतीही राहिलेली नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ गॉथम नावाचे गाव आहे. त्या गावच्या 'शहाण्यां'च्या गोष्टी सोळाव्या शतकात छापल्या गेल्या. त्यात बारा जण मासे धरायला जातात, परत निघताना मोजतात तर अकराच, आणि बाराव्याला शोधत रडत बसतात. वाटेवरचा एक घोडेस्वार पैसे ठरवून घेतो आणि प्रत्येकाला चाबकाचा फटका देत बारा मोजून दाखवतो. अठराव्या शतकात तमिळनाडूत राहून तमिळ पंडित झालेले इटालियन पाद्री बेस्की यांनी परमार्थ गुरू आणि त्यांचे पाच शिष्य यांच्या गोष्टी तमिळमध्ये लिहिल्या. त्यातही नदी ओलांडल्यावरची हीच मोजदाद आहे. मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टींत मुल्ला गाढवे मोजतो; स्वार झाला की एक कमी भरते, उतरला की पूर्ण भरतात, कारण बसलेले गाढव तो मोजतच नाही. नदी, माणसे, गाढवे बदलतात, चूक तीच राहते. आमच्या धंद्यात एकाने हिशोब चुकण्याला 'ऑफ बाय वन' म्हणतात. वीस वर्षे प्रोग्राम लिहूनही ही चूक माझ्या हातून होते, त्यामुळे त्या दहा जणांना हसण्याचा माझा अधिकार तसाही कमीच.

जुना विनोद कसा टिकतो याचे उत्तर यात आहे. आज हाती असलेला सगळ्यांत जुना विनोदसंग्रह ग्रीक आहे, 'फिलोगेलोस' नावाचा, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला. त्यात दोनशे पासष्ट विनोद आहेत. त्यातला एक पढतमूर्ख झोपेत आपण कसे दिसतो ते पाहायला डोळे मिटून आरशापुढे उभा राहतो. एकाला न्हावी विचारतो, "केस कसे कापू?" तो म्हणतो, "न बोलता." सलूनच्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही हा विनोद आजही समजावून सांगावा लागत नाही. पण त्याच संग्रहात अब्देरा, सिडोन, क्युमे या गावांच्या लोकांना सरसकट वेडे ठरवणारे विनोदही भरपूर आहेत, आणि ते आज कोणी सांगत नाही. आरसा आणि न्हावी राहिले, गावांची नावे गळून पडली. सरांची लाल शाई जे एका आठवड्यात करायची, ते काळाने दीड हजार वर्षांत केले.

मराठीपुरते पाहिले तर ऐकलेले गोळा करणे आणि ते तपासून घेणे, ही आपली फार जुनी सवय आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या तेव्हा ते गावोगाव फिरले, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याच तोंडून विचारून घेतले आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले. 'लीळाचरित्र' असे तयार झाले. पुढे केसोबासांनी स्वामींचे दृष्टांत वेगळे काढून 'दृष्टान्तपाठ' रचला, त्यात एकशे चौदा दृष्टांत आहेत. कोणाकडून ऐकले ते लिहा, ही सरांची अट मला आता त्याच घरातली वाटते. गोष्ट कोणाच्या तोंडून आली हे नोंदवले की ती आपल्याकडे येईपर्यंत तिच्यात काय भर पडली ते कळते. माझ्या चिठ्ठीवर 'आबांकडून' असे लिहिलेले आहे. पण आबांनी 'पावरा' म्हटले नव्हते. म्हणजे मी विनोदच बिघडवला असे नाही, आबांच्या नावावर खोटेही लिहिले.

छापील मराठी विनोदाची सुरुवात कोणाला हसून झाली, तेही पाहण्यासारखे आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा 'साक्षीदार' हा लेख १९०२ साली 'विविधज्ञानविस्तारा'त आला आणि पुढे 'सुदाम्याचे पोहे' झाले. कोल्हटकर वकील होते, बुलढाण्यात खामगाव आणि जळगाव-जामोदला राहिले. त्यांचा सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघे समाजातल्या खुळ्या समजुतींची फजिती करतात, पण त्यासाठी आधी स्वतः त्या समजुतीत आकंठ बुडतात. आपल्या सरहद्दीपलीकडे बडोद्यात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणराव लिहिला, तोही स्वतःच्या फजितीची गोष्ट स्वतः सांगतो. चिमणरावाची टिंगल करायला दुसरा कोणी लागत नाही. बुद्धाच्या जातककथा मराठीत आणणारा पंडित आणि गुंड्याभाऊचा जनक हा एकच माणूस होता, हे मला वही वाचताना फार बरे वाटले.

मग मासिके आली. अनंत अंतरकरांनी १९४६ साली 'हंस' काढले, नंतर 'नवल' आणि विनोदाला वाहिलेली 'मोहिनी'. १९५१ पासून मधुकर पाटकरांचा 'आवाज' दिवाळी अंक सुरू झाला आणि त्यातली खिडकीचित्रे घरोघरी गेली. आमच्याकडे तो अंक मोठी माणसे उशाखाली ठेवत, म्हणून आम्ही तो आधी शोधत असू. खालच्या अंगाला लोकांचा विनोद होताच. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या पाटलालाही सोडत नसे. दारात पोलीस बनून येणारा बहुरूपी घरमालकाला वॉरंट दाखवून घाबरवत असे आणि पसाभर धान्य घेऊन जात असे. सोंगाड्या किंवा बहुरूपी कोणाला हसायचा? बहुधा आपल्यापेक्षा वरच्याला. पोट ज्याच्या हातात आहे त्याला हसण्यात धाडस लागते. आमच्या मधल्या सुट्टीतल्या विनोदाला कसले धाडस लागत होते? ज्याच्या बाजूने वर्गात बोलणारे कोणी नव्हते, त्याचे नाव आम्ही घेत होतो.

आणि तेही कोठे बसून? २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ भरली. त्यात अनुसूचित जमातींचे लोक ६९ टक्क्यांहून अधिक, म्हणजे दर दहांत सात. ज्या जिल्ह्यात दहा माणसांत सात जण भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, गावित आहेत, त्या जिल्ह्यातल्या शाळेत 'वेडा' म्हणजे 'त्यांच्यातला' असे आम्ही ठरवून टाकले होते. भाषेचेही तेच. पावरीच्या हेलात कोणी मराठी बोलले की आम्ही हसायचो, आणि आमच्यातले बरेचसे घरी अहिराणी बोलायचे. ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिचा भिली भाषांचा खंड १९०७ साली छापला गेला. त्यात आपली खानदेशी भिली बोलींच्या सोबत एकाच पुस्तकात ठेवली आहे. त्याचे वर्गीकरण पटो न पटो, साहेबाच्या टेबलावर तरी आम्ही आणि ती एकाच बाकावर होतो.

विनोदाला चाळणी कोणी लावायची, हा प्रश्न पुढे थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. शीख समाजावरच्या विनोदांना बंदी घालावी म्हणून २०१५ साली याचिका झाली. २०१७ साली न्यायालयाने सांगितले की नागरिकांनी नीतीने कसे वागावे याचे नियम न्यायालय घालून देऊ शकत नाही. मला ते पटते. पण म्हणून चाळणीच नको असे होत नाही. ती कायद्याऐवजी माणसाच्या हातात असावी, माणूस ओळखीचा असावा आणि त्याने कारण लिहावे. सरांनी कधी विनोद फाडून टाकला नाही. नापास झालेलाही वहीत उतरवून घेतला, समोर कारण लिहिले. म्हणून तर तीस वर्षांनी मला माझे पान वाचता आले.

आता निवडीविषयी. या स्मरणिकेच्या 'गमतीची पाने' या सदरात तुम्हाला वहीतले विनोद सापडतील. निवडताना मी सरांचेच नियम धरले. जुना म्हणून कोणताही वगळला नाही. ज्याच्याकडून ऐकला त्याचे नाते ठेवले आहे, 'मामांकडून', 'एसटीच्या कंडक्टरकडून', 'आजीकडून'. आणि जो विनोद नाव काढले की विनोदच राहत नाही, तो घेतला नाही. हा नियम मी वहीतल्या प्रत्येक विनोदावर लावून पाहिला. जात, गाव, भाषा काढून 'एक जण' घातले आणि तरी हसू आले, तर तो पास. असे करताना पुष्कळ विनोद पास झाले, हे मुद्दाम सांगते, कारण 'आजकाल कशावरच हसायची सोय नाही' असे आपल्यातले काही जण म्हणतात. सोय भरपूर आहे. जे थोडे गळले त्यांत हसण्यासारखे काही नव्हतेच, आम्ही फक्त नावाला हसत होतो. दहा जणांची गोष्ट सरांनी दुरुस्त केली तशीच घेतली आहे. खाली 'आबांकडून' असे लिहिले आहे, आणि या वेळी ते खरे आहे.

एक शेवटचे काम राहिले आहे, ते तुमच्याकडे सोपवते. मेळाव्याची यादी समितीने दहावीच्या निकालाच्या रजिस्टरवरून केली आहे. मी ती वाचली. माझ्या बाकावरची ती मुलगी त्यात नाही, कारण नववीत ती शाळेत परतली नाही. का परतली नाही ते मी तेव्हा विचारले नाही. माझ्या चिठ्ठीमुळे असे म्हणून मी स्वतःला उगाच मोठे करणार नाही. त्या काळी डोंगरातून आलेल्या मुली शाळा सोडायच्या त्याची कारणे माझ्या चिठ्ठीहून फार मोठी होती. पण पाचवी ते आठवी ती आपल्या वर्गात होती आणि आपण मोजताना तिला धरले नाही, एवढे खरे. अशी नावे आणखी आहेत. आठवून पाहा: पाचवीच्या हजेरीत किती जण होतो, आणि दहावीच्या फोटोत किती आहोत?

समितीला मी विनंती केली आहे की यादी निकालाच्या रजिस्टरवरून न करता पाचवीच्या हजेरीपटावरून करावी. त्यांनी मान्य केले आहे. जुने हजेरीपट कार्यालयात आहेत, नावे उतरवून घ्यायचे काम मी घेतले आहे. पत्ते शोधायला तुमची मदत लागेल. धडगाव, मोलगी, तोरणमाळकडे ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांनी जरूर कळवावे.

ती भेटली तर तिला फळ्यावरचा दुरुस्त केलेला विनोद दाखवायचा आहे, आणि चिठ्ठीवरचा मूळ शब्दही. मग ती जे म्हणेल ते ऐकून घ्यायचे आहे. मोजायला मात्र या वेळी तिलाच सांगेन. माझे गणित अजूनही एकाने चुकते.